लॉक कशासाठी, हे आधी लिहा



मला एकच मुद्दा मांडायचा आहे. कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, लॉकची गुंतागुंत नुसती त्यांची संख्या घटवून सुटत नाही, वाढवूनही सुटत नाही. कोणते लॉक कोणत्या डेटाची राखण करते, हे एका वाक्यात सांगता आले, तरच ती सुटू लागते. लिनक्समध्ये १९९६ साली २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसर एकत्र चालवण्याची सोय आली, ती अख्ख्या कर्नलभर पसरलेल्या एका ‘बिग कर्नल लॉक’च्या भरवशावर. सुरुवात म्हणून ते योग्यच होते. पण ते पुरते हटायला २०११ साल आणि २.६.३९ आवृत्ती उजाडली, कारण ते डेटावर नव्हे, कोडवर बसले होते. ते धरणारी प्रक्रिया झोपी गेली की ते आपोआप सुटे, जागी झाली की पुन्हा धरले जाई. एखाद्या जुन्या ड्रायव्हरने ते नेमके कशासाठी घेतले आहे, हे कोड वाचून उमगत नसे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक वस्तूला स्वतंत्र लॉक द्या. तसे केले की क्रमाचा प्रश्न उभा राहतो. एक प्रक्रिया ‘अ’ फोल्डरमधली फाइल ‘ब’मध्ये हलवते आहे आणि त्याच क्षणी दुसरी ‘ब’मधली ‘अ’मध्ये. दोघींनी आपापले पहिले लॉक धरले आणि दुसऱ्याची वाट पाहिली, तर दोघीही कायमच्या अडकतात. लिनक्सने इथे आणखी बारीक लॉक घातले नाहीत. दोन फोल्डरांमधल्या अशा हलवाहलवीसाठी संपूर्ण फाइल सिस्टिमला मिळून एक म्युटेक्स ठेवले आणि मगच फोल्डरांची लॉक ठरलेल्या क्रमाने घेतली. एक फोल्डर दुसऱ्याच्या पोटात असेल, तर वरचे आधी. क्वचित लागणाऱ्या वाटेवर एक जाड लॉक हीच खरी सुटसुटीत रचना ठरते.

दुसरा आक्षेप आरसीयूवर, म्हणजे ‘रीड-कॉपी-अपडेट’वर आहे. २००२ साली पॉल मॅकेनी, दीपांकर सरमा आदींच्या प्रयत्नांतून ते लिनक्समध्ये आले. वाचणारा लॉक घेतच नाही. बदलणारा नवी प्रत तयार करतो, पॉइंटर तिच्याकडे वळवतो आणि जुने वाचक संपेपर्यंत थांबून मगच जुनी प्रत मोकळी करतो. ही पद्धत समजायला अवघड आहे, हे मान्य. पण तिचा अवघड गाभा एकाच जागी लिहिला आणि तपासला जातो, शेकडो ड्रायव्हरांमध्ये विखुरत नाही. मात्र जिथे वाचन फार आणि बदल थोडे, तिथेच ती वापरावी.

नागपुरातल्या रेल्वेच्या डायमंड क्रॉसिंगवर एकमेकांना छेदणाऱ्या मार्गांचे सिग्नल एकाच वेळी मिळू शकत नाहीत, आणि हा निर्णय गाडी चालवणाऱ्याच्या आठवणीवर सोडलेला नसतो. कर्नलमध्येही लॉकचा क्रम माणसाच्या लक्षात राहील, असे धरून चालू नये. २००६ साली इंगो मोल्नार यांचे ‘लॉकडेप’ लिनक्समध्ये आले, ते याचसाठी: प्रत्यक्ष अडकण्याची वेळ आली नसली, तरी उलटा क्रम दिसताच ते इशारा देते.

म्हणून माझे आवाहन आहे: प्रत्येक स्ट्रक्चरशेजारी त्याचे लॉक आणि त्याचा क्रम लिहा, चाचणीत लॉकडेप चालू ठेवा आणि मोजमापाशिवाय लॉक फोडू नका. विदर्भातल्या महाविद्यालयांनी लॉक घालण्याइतकेच दुसऱ्याचे लॉक वाचायलाही शिकवावे, कारण कर्नलचे बहुतेक आयुष्य दुरुस्तीत जाते.