आणखी एक डिस्ट्रो नको

शाळा, ग्रंथालये, दूध संस्था, पतसंस्था यांचे संगणक सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मोरोपंतांच्या जन्मगावी, पन्हाळ्यावर, अशा पावसात एवढी मंडळी घाट चढून आली याचा आनंद आहे.

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'प्रमुख लिनक्स डिस्ट्रोंचा तौलनिक आढावा : विश्वासार्हता आणि मुक्तस्रोताला योगदान' असा छापला आहे. तो आढावा आधी उरकतो. डेबियन १९९३पासून चालू आहे. ते कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात आणि साधारण दोन वर्षांनी स्थिर आवृत्ती काढतात. रेड हॅट ही कंपनी. नवे काही असेल ते आधी फेडोरात येते, मुरले की पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या सर्व्हरवर जाते, आणि तिथे दहा वर्षे सांभाळले जाते. उबुंटू २००४चे. ते डेबियनवर उभे आहे, मिंट उबुंटूवर, आणि आपल्या सी-डॅकचे बॉस पुन्हा डेबियनवर. सगळ्यांचे कर्नल एकच, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले. आढावा संपला. आता जे सांगायला मी खरोखर इथे उभा आहे, ते सांगतो.

सकाळच्या परिसंवादात डेबियन की रॉकी, उबुंटू की मिंट यावर हमरीतुमरी झाली. ही हमरीतुमरी मी मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लिनक्स चढवायचो तेव्हापासून ऐकतो आहे. तेव्हा नावे वेगळी होती, तावातावाने बोलणे हेच होते. भांडणारे आपण सगळे घेणारे आहोत. देणाऱ्यांच्या यादीत आपल्यातले कितीजण आहेत, हा प्रश्न सकाळी व्यासपीठावरून कोणी विचारला नाही, समोरूनही आला नाही.

सेंटओएसचे उदाहरण घ्या. रेड हॅटचाच कोड, पण फुकट. या सभागृहातल्या निम्म्या लोकांचे सर्व्हर त्यावर होते. आवृत्ती ८ला २०२९पर्यंत आधार मिळेल असे सांगितलेले होते. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झाले की ती २०२१च्या अखेरीस बंद होणार. दिलेली तारीख मोडणे चूकच, आणि कंपनीला त्याबद्दल बोल लागला तो योग्यच. पण वर्षानुवर्षे आपण तो सर्व्हर वापरला, त्यावर पगारपत्रके काढली, निकाल लावले. त्या काळात आपण एक तरी बग नोंदवला का? एखादे पान भाषांतरित केले का? ज्या घरात आपण कधी काही दिले नाही, त्या घराचा निर्णय आपल्याला विचारून व्हावा ही अपेक्षा मला पटत नाही. सेंटओएसची जागा घेणाऱ्या रॉकी आणि अल्मा या डिस्ट्रो त्यानंतर उभ्या राहिल्या, त्या उभ्या करणारे लोक आधीपासून त्या कामात हात घालून होते.

विश्वासार्हतेचेही तसेच. मार्च २०२४च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने पाठपुरावा केला, आणि एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये मुद्दाम ठेवलेले चोरदार सापडले. ते डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या प्रायोगिक आवृत्तीत पोचले होते. डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली, कारण ती घाई करत नाही. डेबियनवाल्यांनी इथे टाळ्या वाजवण्याआधी २००८ आठवावे. डेबियनच्याच देखभालकर्त्याने ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी गाळल्या होत्या, आणि सुमारे दोन वर्षे तयार झालेल्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या निघाल्या. तेही कोणीतरी बारकाईने पाहिले म्हणूनच उघडकीला आले. एक्सझेडचा मूळ राखणदार वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा होता. मदतीच्या नावाने पुढे आलेल्याने त्याचा विश्वास कमावला आणि दगा दिला. खरी मदत करणारे चारजण त्याच्याभोवती असते, तर ही वेळ आली नसती असे मला वाटते.

आता आपल्या दारातली गोष्ट. जिल्ह्यातल्या एका शाळेत दाखले लिनक्सवरून छापत. पडद्यावर 'दुसऱ्या' नीट दिसे, पीडीएफ केले की र अर्धा तुटून पायमोडका उभा राही. 'करणाऱ्या', 'कऱ्हाड', सगळ्यांची तीच गत. शाळेच्या लिपिकबाई दाखला छापून झाला की काळ्या पेनाने त्या र ची चंद्रकोर हाताने काढत. दरवर्षी, प्रत्येक दाखल्यावर. आपल्यातलेच तिघे तज्ज्ञ तिथे जाऊन आले. एकाने मिंट काढून उबुंटू घातले, दुसऱ्याने फेडोरा, तिसऱ्याने पुन्हा डेबियन. दोष हलला नाही, कारण तो डिस्ट्रोत नव्हताच. फॉन्ट तोच होता, आणि त्या फॉन्टमध्ये ऱ आणि हलन्त यांच्यापुढे दुसरे व्यंजन आले की काय करायचे याचा नियम अपुरा होता. शेवटी शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीने तीन गोष्टी लिहून पाठवल्या : काय टाइप केले, काय छापले गेले, कोणती आवृत्ती होती. सोबत दाखल्याचा फोटो. नाव झाकून. फॉन्टच्या राखणदाराने दोन प्रश्न विचारले, तिने उत्तरे दिली. पुढच्या आवृत्तीत र सरळ झाला, आणि तो सगळ्या डिस्ट्रोंवर एकदमच सरळ झाला. लिपिकबाईंनी पेन ड्रॉवरमध्ये ठेवले. सकाळच्या वादाला माझे उत्तर एवढेच आहे.

पुण्यातही हेच घडले आहे. लोहित हे फॉन्ट रेड हॅटने मुक्त केले आणि त्यावरचे बरेचसे काम कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात झाले. आज डेबियनमध्ये ते 'फॉन्ट्स-लोहित-देव' या नावाने मिळतात. रेड हॅटला नावे ठेवणारा डेबियनवालाही मराठी वाचतो तो अनेकदा त्याच अक्षरांत.

देण्याघेण्याचा हिशेब काढायचा, तर २००८ साली कर्नलवर काम करणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी भर परिषदेत कॅनॉनिकलला सुनावले होते. कर्नलमध्ये त्याआधीच्या काही वर्षांत आलेल्या लाखभर बदलांपैकी उबुंटूच्या या कंपनीचे जेमतेम शंभर, आणि रेड हॅटचे अकरा हजारांवर. हा हिशेब कडू होता, पण मी तो पूर्ण मानत नाही. उबुंटूच्या फुकट सीडींची पाकिटे परदेशातून पोस्टाने खेड्यापाड्यात येत. आमच्या पोस्टमनने असे पाकीट हातात दिले तेव्हा वर्गातली मुले भोवती गोळा झाली होती. ते कव्हर अजून माझ्या कपाटात आहे. २०११मध्ये ती योजना बंद झाली. माणसे आणणे हेही योगदानच. पण आणलेल्या माणसांनी पुढे काय केले?

आपण काय केले ते सांगतो, आणि माझे खरे दुखणे इथेच आहे. आपण आपल्या डिस्ट्रो काढल्या. 'संपूर्ण मराठी' म्हणून उद्घाटने झाली, हार-तुरे झाले. आत पाहावे तर उबुंटू तसेच, वॉलपेपरवर गड, बोधचिन्ह नवे, मेनूतली वीसेक नावे बदललेली. ते केलेले भाषांतरही मूळ प्रकल्पाला पाठवलेले नसे. दोन वर्षांत संकेतस्थळ बंद, सुरक्षेचे अपडेट बंद, आणि शाळेत मात्र तोच संगणक नेटला जोडलेला. अशा एका शाळेतली यंत्रे मी स्वतः पुसून पुन्हा बसवली आहेत. डिस्ट्रो काढणे सोपे असते, सांभाळायला माणसे लागतात. आपल्याकडे ती मूठभर आहेत, आणि तीही आपण वेगवेगळ्या घोषणांत वाटून टाकतो.

केरळकडे पाहा. तिथल्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर धरले, मल्याळमचे फॉन्ट आणि भाषांतरे करणारे लोक थेट मूळ प्रकल्पांत शिरले, डेबियनमध्ये जबाबदारीच्या जागी बसले. सप्टेंबर २०२३मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली. आपण मराठी माणसे संख्येने कमी नाही, हुशारीत तर नाहीच. आपण फक्त मूळ जागी जात नाही.

उद्या सकाळी अंबरखाना, म्हणजे गडावरची धान्याची कोठारे, पाहायला जाल. १६६०च्या वेढ्यात हा गड महिनोन्‌महिने झुंजला, तो कोठारे वेढा पडण्याआधी भरलेली होती म्हणून.

आपली कोठारेही गरज पडण्याआधीच भरायला हवीत. पुढच्या वर्षाची कामे काय, असे संयोजक विचारत होते. मराठी भाषांतर अडलेल्या प्रकल्पांची यादी करावी. जोडाक्षरांची एक चाचणी-यादी असावी, जी प्रत्येक नव्या आवृत्तीवर तपासता येईल. 'ॲ' २००८पासून युनिकोडमध्ये आहे, तरी तो काही कीबोर्डांवर अजून सापडत नाही, तिकडेही पाहावे. कोण काय करणार ते आपण दुपारी बोलू. ठरावात एकच वाक्य असावे, असा माझा आग्रह आहे : या मंडळींपैकी कोणीही नवी डिस्ट्रो काढणार नाही.

आणि एक विनंती. गावी परतल्यावर तुमच्या संगणकावर मराठीचे जे काही मोडलेले दिसते, त्यातला एक बग नोंदवा. काय टाइप केले, काय दिसले, आवृत्ती कोणती, एवढे पुरे. इंग्रजीत लिहायचा संकोच वाटत असेल तर मराठीत लिहून माझ्याकडे द्या, मी भाषांतर करून मूळ प्रकल्पाला पाठवीन आणि उत्तर आले की तुम्हाला कळवीन.