सूत्रधाराची वही

(कुंभकोणम् येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी आम्ही पूर्वजांच्या पराक्रमावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. पूर्वजांकडे आम्ही जाणारच आहोत. मात्र आज मुलांच्या एका खेळाच्या वाटेने जावे, असा विचार आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी नातवंडे जमली होती. ओसरीवर चटई पसरून, बहुकोनी फासे व कागद घेऊन ती तासन् तास बसत. एक मूल गोष्ट सांगे. बाकीची त्या गोष्टीतील माणसे होत. कोणी शिपाई, कोणी वैद्य, कोणी चोर. आपण काय करणार ते प्रत्येकाने बोलावयाचे, फासा टाकावयाचा आणि त्यावरून यशापयश ठरावयाचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि तेथून ही तऱ्हा जगभर पसरली. गोष्ट चालविणाऱ्यास ते 'डन्जन मास्टर' म्हणतात. आपल्याकडे या पदास फार जुना शब्द आहे, तो म्हणजे सूत्रधार.

एके दुपारी सूत्रधार झालेल्या नातीने आम्हांस विचारले, की तिच्या गोष्टीतील माणसे दोनशे वर्षांपूर्वी कुंभकोणम्‌हून तंजावरास निघाली आहेत. त्यांना किती दिवस लागतील, रात्री ती राहतील कोठे, आणि पैसे कोणते देतील? त्या सबंध प्रश्नात 'आजोबा' एवढाच शब्द मराठी होता. आणि आम्हांस एकाही भागाचे उत्तर देता आले नाही. भोसले घराण्याची वंशावळ आम्हांस पाठ होती. त्यांच्या राज्यातील वाटसरू कोठे जेवत असे, हे ठाऊक नव्हते.

त्या ओशाळलेपणातून एक वही तयार झाली. सूत्रधाराला ग्रंथ उपयोगी पडत नाही. खेळ थांबवून वाचणार कोण? त्याला क्षणात उघडता येईल, असे पान लागते.

पहिले पान वाटांचे. कुंभकोणम् हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधील गाव. तंजावर सुमारे चाळीस किलोमीटर. बैलगाडीने दोन दिवसांची मजल धरावी. येथील खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पण कोडगूच्या डोंगरात पाऊस कोसळला की जुलै-ऑगस्टमध्ये येथे कोरड्या आकाशाखाली कावेरी दुथडी भरे. मेट्टूरचे धरण १९३४ सालचे. तेव्हा जुन्या काळच्या गोष्टीत नदीला आवर नाही. उतारावर अडकून पडण्याचा प्रसंग सूत्रधाराला आयताच मिळतो.

दुसरे पान मुक्कामाचे. पाश्चात्त्य मुलांची गोष्ट पुष्कळदा सरायेत सुरू होते. आपल्याकडे राजांची छत्रे होती. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात छत्रांचे वर्णन आहे. वाटसरूंना अन्न, तान्ह्या मुलांना दूध, आजाऱ्याला बरा होईपर्यंत वैद्याचे उपचार, अवघडलेल्या स्त्रीची शुश्रूषा. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु येथील मुक्ताम्बाळ छत्र याच राजांचे. नाना जातींची, नाना भाषांची माणसे एका छपराखाली आणणारी याहून चांगली जागा गोष्टीला कोठे मिळणार?

तिसरे पान नाणी-मापांचे. चक्रम् आणि पणम ही नाणी; भातासाठी कलम हे माप, आणि बारा मरक्काल म्हणजे एक कलम. येथे हिशेब अधिक वाढवू नये. दोन-चार भाव ठरवून ठेवले की पुरे.

चौथे पान माणसांचे, आणि आमच्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येकाचा धंदा, त्याला हवे काय आणि त्याला भीती कशाची, एवढेच लिहावे. स्वामिमलैचा मूर्तिकार: पंचधातू ओतावयाची आहे, पाऊस यावयाची धास्ती. सौराष्ट्री विणकर: रेशीम हवे, सावकाराचे भय. मोडी लिहिणारा कारकून: कागद तंजावरास पोचवावयाचा आहे, मोहोर फुटण्याची चिंता. मुलांनी काहीही विचारले तरी या तीन गोष्टींतून उत्तर निघते.

खेळातून ज्ञान देण्याची ही रीत आपल्या घराण्याला परकी नाही. शहाजीराजांनी (राज्यकाल १६८४ ते १७१२) तंजावरात मराठी नाटके लिहिली. सांगलीस विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ साली झाले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी. सरफोजीराजांच्या 'देवेंद्र कोरवंजी' या मराठी नाटकात तर भविष्य सांगणारी कोरवंजी साऱ्या पृथ्वीचा भूगोल वर्णन करते. पर्वत, नद्या, देश, सारे एका भटक्या स्त्रीच्या मुखातून!

वही झाल्यावर आम्ही एकच अट घातली: गोष्टीतील माणसांनी मराठीत बोलावे; तमिळ शब्द आला तर येऊ द्यावा, कोणी टोकू नये. नात कारकून झाली. नावाडी पूर आहे म्हणून नाव सोडीना. तिला घासाघीस करावयाची होती, विनवावयाचे होते, प्रसंगी दटावावयाचेही होते. आणि ती वारंवार आमच्याकडे शब्द मागू लागली. जामीन, हमी, मुदत, उतारू. तेव्हा आमच्या ध्यानी आले, की जेव, झोप, सांभाळून जा, एवढीच मराठी आम्ही तिला दिली होती. घरात तिला कोणाशी घासाघीस करण्याची वेळच आली नव्हती. वापरावयास जागा नसेल, तर भाषेने राहावे कोठे?

म्हणून मंडळास आमची विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने या वहीत एक पान घालावे. आजीच्या स्वयंपाकघरातील भांड्यांची नावे, लग्नातील मानपान, जुन्या घराचा आराखडा, काहीही चालेल. तंजावरच्या मोडी कागदांतून असा तपशील पुष्कळ मिळण्यासारखा आहे. तो वाचण्यासाठी आपल्या दोन-चार तरुणांनी मोडी शिकावी, खर्चाचा भार मंडळाने उचलावा.

नातीचा पुढचा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे: छत्रात त्या रात्री जेवावयास काय होते? आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल, तर सभा संपल्यावर अवश्य सांगावे. पेन्सिल आम्ही बरोबर आणली आहे.