नांव एकाचें, घडण अनेकांची



मोटारगाडीच्या तोंडावर जें नांव झळकत असतें, त्यावरून ती गाडी कोणाची हें आपण ठरवून मोकळे होतों. परंतु त्या नांवामागची हकीकत कधीं कधीं मोठी गुंतागुंतीची असते. २००३ सालीं शांघायच्या कारखान्यांतून चीनच्या बाजारांत आलेली 'ब्यूक एक्सेल' ही मध्यम वर्गाच्या बेताची लहान गाडी याचें उत्तम उदाहरण होय.

ब्यूक हें नांव अमेरिकेचें. १९०८ सालीं जनरल मोटर्स ही कंपनी स्थापन झाली ती याच नांवाच्या पायावर. पण एक्सेलची मूळ घडण अमेरिकेंतली नव्हे. तिचा आराखडा दक्षिण कोरियांतील देवू कंपनीचा, आणि तिचें बाह्यरूप रेखाटलें इटलींतील पिनिनफारिना या नामांकित पेढीनें. १९९९ सालीं देवूचा डोलारा कर्जाच्या भारानें कोसळला आणि २००२ मध्यें तिचा मोटारींचा धंदा जनरल मोटर्सच्या हातीं आला. मग एकाच गाडीचीं देशोदेशीं निरनिराळीं बारशीं झालीं. कोरियांत ती देवू लासेटी, अमेरिकेंत सुझुकी फोरेन्झा, आपल्याकडे शेव्हरोले ऑप्ट्रा, आणि चीनमध्यें ब्यूक एक्सेल!

चीनसाठीं ब्यूक हेंच नांव कां निवडलें? तर त्या देशांत त्याला जुनी प्रतिष्ठा होती. शेवटचा सम्राट पू-यी आणि पुढें पंतप्रधान झालेले चौ एन-लाय यांनीं ब्यूक गाड्या वापरल्या होत्या. अमेरिकेंत मात्र ब्यूक ही वयोवृद्धांची गाडी होऊन बसली होती. मायदेशीं म्हातारें झालेलें नांव परदेशीं तरुण कुटुंबांच्या पहिल्या मोटारीवर चढलें, आणि एक्सेलची गणना अनेक वर्षें चीनमधील सर्वांत खपणाऱ्या गाड्यांत होत राहिली. २००९ च्या जूनमध्यें जनरल मोटर्सवर दिवाळखोरीची पाळी आली, तेव्हां पॉन्टियाक, सॅटर्न हीं नांवें बंद पडलीं. ब्यूक मात्र वांचली. त्या वर्षीं ब्यूकचा चीनमधील खप अमेरिकेंतील खपाच्या चौपट होता, हें तिच्या वांचण्याचें एक मोठें कारण.

येथवर ऐकून कोणास वाटेल, कीं हा सारा नांवाचाच महिमा. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोटारीच्या कारखान्यांत विदेशी कंपनीस निम्म्याहून अधिक मालकी मिळणार नाहीं, अशी त्या काळीं चीन सरकारची अट होती. म्हणून १९९७ सालीं शांघायच्या सरकारी मोटार कंपनीशीं निम्म्यानिम्म्या भागीदारीनें कारखाना निघाला. आणि त्याच सालीं आराखडे तयार करणारी एक संयुक्त संस्थाही उभी राहिली. तेथें चिनी यंत्रज्ञांना परक्या आराखड्यांत फेरफार करण्याचें आणि पुढें नवे आराखडे काढण्याचें शिक्षण मिळालें. २००६ सालीं शांघायच्या त्याच कंपनीनें 'रोवे' हें स्वतःचें नांव पुढें आणलें. आज चीनमध्यें विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक मोटारी चिनी नांवांच्या आहेत. २०२४ च्या डिसेंबरांत तर चिनी धंद्यापायीं पांच अब्ज डॉलरांहून अधिक तोटा हिशेबांत धरावा लागेल, असें जनरल मोटर्सला जाहीर करावें लागलें.

आपल्याकडची कथा निराळी आहे. १९२८ सालींच या कंपनीनें मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. म्हणजे शेव्हरोले हें नांव येथेंही आजोबांच्या वेळचें. ऑप्ट्राही एक्सेलप्रमाणें २००३ मध्येंच आली. २००८ सालीं पुण्याजवळ तळेगांवास नवा कारखाना सुरू झाला. तरी २०१७ अखेर कंपनीनें येथील विक्री थांबविली, आणि तो कारखाना पुढें ह्युंदाई या कोरियन कंपनीकडे गेला. जुनें नांव येथें धंद्याला तारूं शकलें नाहीं.

परक्या नांवाच्या गाडीबद्दल आपण किंमत विचारतों, तेल किती पितें हें विचारतों. त्यासोबत आणखी एक प्रश्न देशानें विचारावा असें मला वाटतें: हें नांव उद्यां निघून गेलें, तर आमच्या लोकांच्या हातीं कोणतें कसब राहील? शांघायनें हा प्रश्न पहिल्याच करारांत विचारला होता, आणि त्याचें उत्तर आज तेथल्या रस्त्यांवर धांवत आहे.