तेल, पाणी आणि कापसाची वात

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोसायटीच्या पंचविशीला समुद्रातल्या तेलगळतीचा विषय कशाला, असं दोघातिघांनी मला विचारलं. त्याचं उत्तर आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या खाडीत आहे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडले आणि अंदाजे ८०० टन तेल पाण्यात गेलं. अलिबाग, उरण, घारापुरीपासून वाशीपर्यंत तिवरांवर काळा थर चढला. नारळी पौर्णिमा पंधरवड्यावर आली होती. बंदी उठून होड्या समुद्रात जाण्याचे ते दिवस, आणि नेमकी त्याच वेळी लोकांनी मासळी घेणं थांबवलं. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल.

तेव्हापासून एक प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे : एवढं विज्ञान पुढे गेलं, मग पाण्यावरचं तेल टिपून का घेता येत नाही?

घेता येतं. आत्ताच तुम्ही टेबलावर पाहिलंत. दोन ग्लासांत पाणी, त्यावर गोड्या तेलाचा थर. एका ग्लासात औषधाच्या दुकानातला कापूस टाकला. तो पाणी प्यायला आणि जड होऊन खाली गेला. तेल बरंचसं वरच राहिलं. दुसऱ्यात वातीचा कापूस टाकला. तो तरंगत राहिला आणि त्याने तेल ओढून घेतलं.

दोन्ही कापूसच, मग फरक कशाचा? कापसाच्या धाग्यावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. मेणाला पाणी नको, तेल हवं. दवाखान्याचा कापूस रसायनांत उकळून शुभ्र करतात, तेव्हा हे मेण निघून जातं आणि तो पाणी शोषायला लागतो. आपल्या आज्या देवकापसाची सरकी काढून वाती वळायच्या. ती वात समईत तेल वर ओढते, तेच हे काम. सावरीचा कापूस याहून वरचढ. त्याचा धागा आतून पोकळ आणि वरून मेणचट. म्हणून तर एके काळी तो जहाजावरच्या जीवरक्षक जॅकेटांत भरत असत.

बंदरांवर वापरतात त्या पांढऱ्या चादरी आणि लांबलचक उशा बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. सिमेंटच्या गोण्या विणतात तेच प्लास्टिक, फक्त बारीक तंतूंच्या रूपात. ते पाण्यापेक्षा हलकं, पाणी न धरणारं, तेल धरणारं. पेंढा, भुसा, लाकडाचा चुरा असे नैसर्गिक पदार्थ साधारणपणे आपल्या वजनाच्या ३ ते १५ पट तेल घेतात. उत्तम कृत्रिम पदार्थ ७० पटीपर्यंत जातात.

आता मुलांनो, एक गणित. ८०० टन तेल, आणि दहापट शोषणारा पदार्थ. किती लागेल? ८० टन. बरोबर. आणि काम झाल्यावर हातात काय राहील? ८८० टन तेलकट चिखलासारखा कचरा. तो उचलायचा कोणी, ठेवायचा कुठे, जाळायचा कसा?

आजचा मुद्दा हाच आहे. टिपलं म्हणजे संपलं नाही. तेल फक्त पाण्यातून कापसात आलं. म्हणून जाणकार आधी तरंगते अडसर लावून तेल एका जागी कोंडतात, मग यंत्राने वरचं तेल खेचून घेतात, आणि शोषक पदार्थ शेवटच्या पातळ थरासाठी राखून ठेवतात. वेळही महत्त्वाची. लाटांनी घुसळलं की तेलात पाणी मिसळून दाट लगदा होतो, त्याचं आकारमान तिप्पट-चौपट वाढतं, आणि तो धाग्यात शिरतच नाही.

तिवरांत तर आणखी पंचाईत. त्यांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यावरची छिद्रं तेलाने बुजली की झाड गुदमरतं. आणि साफ करायला माणसं आत उतरली तर पायांनी तेल चिखलात आणखी खोल जातं.

तरी लोकांनी हात जोडून बसावं असं मी म्हणत नाही. मॉरिशसला आपले मराठी भाषक बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथे जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे १००० टन तेल सांडलं. हजारो लोक किनाऱ्यावर आले. ऊस तिथलं मुख्य पीक. उसाचं पाचट कापडात भरून, तरंगण्यासाठी प्लास्टिकच्या बाटल्या लावून त्यांनी लांबच लांब अडसर शिवले. काहींनी डोक्यावरचे केस कापून दिले.

केसांची कल्पना अमेरिकेतल्या फिल मॅक्रोरी नावाच्या केशकर्तनकाराची. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ फुटलं, तेव्हा तेलाने माखलेल्या पाणमांजराची फर त्याने टीव्हीवर पाहिली. फर तेल धरते, मग केस का नाही धरणार? प्रयोग जमला. पण २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या गळतीत लोकांनी ढिगांनी पाठवलेले केस अधिकाऱ्यांनी अडसरांसाठी घेतले नाहीत, कारण चाचणीत केसांच्या उशा तयार उशांपेक्षा तेल कमी आणि पाणी जास्त घेत होत्या. भावना चांगली असली तरी वस्तू तपासूनच वापरावी लागते.

शेवटी आपल्या पार्किंगकडे येतो. गाडीचं इंजिन ऑइल सांडलं की आपण पाइप लावून धुतो. ते पावसाळी गटारातून थेट खाडीत जातं. त्याऐवजी भुसा टाका, दहा मिनिटं थांबा, झाडून वेगळ्या पिशवीत भरा. ही पिशवी ओल्या कचऱ्यात मात्र नको. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, थंड करून बाटलीत साठवा. कढई घासण्याआधी कागदाने पुसून घ्या. कमिटीला माझी विनंती आहे की गेटजवळ भुशाचं एक पिंप ठेवावं. पहिलं पोतं मी देतो.

जहाजांची टक्कर आपण थांबवू शकत नाही. पण खाडीला जाणारं एक गटार आपल्या आवारातून सुरू होतं, तेवढं आपल्या हातात आहे.