पहिला विश्वचषक कोणाचा?

क्रिकेटचा पहिला विश्वचषक केव्हा झाला, असे विचारले तर शाळेतला एखादा हुशार मुलगा चटकन सांगेल, "१९७५ साली, इंग्लंडात." पण हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. तो पुरुषांचा. त्याच्या दोन वर्षे आधी, १९७३ साली, त्याच इंग्लंडात स्त्रियांचा विश्वचषक होऊन गेला होता. म्हणजे ही वाट आधी पाडली ती बायकांनी.

ते घडले कसे, बघा. इंग्लंडच्या कर्णधार रेचल हेहो-फ्लिंट आणि जॅक हेवर्ड नावाचे एक धनिक यांच्या बोलण्यातून ही कल्पना निघाली. हेवर्ड यांनी ४० हजार पौंड दिले. सात संघ उभे राहिले. देश पुरेनात, म्हणून निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंचा एक आंतरराष्ट्रीय संघ केला आणि तरुण इंग्लिश मुलींचा आणखी एक. डाव ६० षटकांचा. निकाल गुणांवर लागायचा होता. पण शेवटची लढत नेमकी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची आली. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर एनिड बेकवेल यांनी ११८ धावा काढल्या आणि इंग्लंड जिंकले.

त्याच वर्षी आपल्या पुण्यात स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ किती? अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढे १९७८ साली विश्वचषक भारतातच भरला. डायना एडलजी कर्णधार होत्या. आपण तिन्ही सामने हरलो. १९८८ साली तर आपला संघ स्पर्धेत उतरलाच नाही.

स्त्रियांचा कारभार पाहणारी जागतिक संस्था २००५ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत विलीन झाली. त्याच वर्षी मिताली राज यांचा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि हरला. २०१७ साली लॉर्ड्सवर विजय अवघ्या ९ धावांनी हुकला. अखेर २ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या मुंबईत हरमनप्रीत कौर यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. त्या संघात आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती. १९७८ पासून मोजा, ४७ वर्षे लागली!

आता शिक्षक बंधुभगिनींना एकच विचारतो. खेळाच्या तासाला मैदान मुलांचे आणि कडेची सावली मुलींची, असे आपल्याकडे अजून कितीदा होते? चेंडू कुंपणापलीकडे गेला की तो आणून द्यायचा एवढेच मुलींचे काम! इंग्लंडातल्या त्या बायकांनी सात संघ जुळवले, पुण्यात तिघांवर भागले. तुमच्या शाळेत अकरा मुली नसतील, सहा तर असतील ना? उद्याच्या तासाला पहिली बॅट त्यांच्या हाती देऊन पाहा. सुरुवात तेवढ्यानेही होते.