पेट्रोलचा भाव आणि माळ्यावरचा कॅन



माझी सगळी नोकरी तेलाच्या डेपोत गेली. निवृत्त झालो, तरी लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा माणूस भाताचं आळं करता करता विचारतोच, "साहेब, आमच्याकडे पेट्रोल महाग आणि तिकडे स्वस्त, असं का?" आकाशवाणीकडे आलेल्या पत्रांतही निम्म्याहून अधिक पत्रं याच प्रश्नाची आहेत. परभणीकर तर कावलेले आहेत. त्यांचं म्हणणं, मुंबईचं पेट्रोल आमच्याकडे येताना सोन्याचं होतं का?

सोन्याचं होत नाही, पण वाटेत खर्च मात्र चढत जातो. मुंबईत माहुलला रिफायनऱ्या आहेत. तिथून पाइपलाइनने माल मनमाडजवळ पानेवाडीला येतो. इथवर खर्च कमी, कारण पाइपलाइनला ना चालक लागतो ना टायर. पानेवाडीपासून परभणी मात्र तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि हा प्रवास टँकरचा. टँकर परभणीत रिकामा होतो आणि रिकामाच परत येतो. त्या परतीच्या फेऱ्याचं भाडंही तुमच्याच लिटरवर पडतं.

बरं, एवढ्यावर भागत नाही. राज्याचा व्हॅट टक्केवारीने लागतो आणि तो भाडं धरून लागतो. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ठरावीक सेस आहे. म्हणजे भाड्याचा एक रुपया वाढला, की ग्राहकाला सव्वा रुपया मोजावा लागतो. लांबच्या गावाला रस्ता तर लांब पडतोच, त्या लांबीवर करही द्यावा लागतो. एकाच शहरातल्या दोन पंपांवर पाच-दहा पैशांचा फरक दिसतो, तोही बहुधा असाच. तिथे मालकाशी भांडू नका. भाव कंपनी ठरवते, त्याला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं.

आता कोणी म्हणेल, मग रिफायनरी दारात असलेल्या मुंबईत पेट्रोल सगळ्यात स्वस्त हवं. तसं नव्हतं. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट होता, बाकी राज्यात २५. जुलै २०२४ पासून तो सारखा केला, तेव्हा मुंबईत लिटरमागे पासष्ट पैसे उतरले. भाडं कमी, पण कर जास्त, अशी गंमत कित्येक वर्षं चालली.

राज्याची हद्द ओलांडली, की कराचं गणितच बदलतं. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. २०१२ साली गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि भाव लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास खाली आला. तेलविहीर सापडली नव्हती, फक्त कर उतरला होता. पुढे तो हळूहळू पुन्हा वाढवला, तरी गोव्याचं पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्तच राहिलं.

आणि इथेच मला थांबायचं आहे. सिंधुदुर्गातून एका बाईंचं पत्र आलंय. त्यांचे यजमान गोव्यात कामाला जातात आणि येताना कॅनमधून पेट्रोल आणतात. कॅन माळ्यावर ठेवतात, खाली स्वयंपाकघर. बाई विचारतात, "याला वास येतो, तर कॅनवर कापड बांधलं तर चालेल का?"

नाही चालणार, ताई. कापड नाही, झाकण नाही, काही म्हणजे काही चालणार नाही. तो कॅन आज घराबाहेर गेला पाहिजे.

का, ते नीट ऐका. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशाच्या थंडीतही पेट घेण्याइतकी निघते, मग कोकणातल्या एप्रिलची काय कथा! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. ती माळ्यावरून खाली उतरते आणि पाण्यासारखी जमिनीलगत वाहत जाते. जमिनीलगत तुमच्या घरात काय असतं? देवापुढची समई. फ्रिजच्या तळाशी ठिणगी पडणारा भाग. खाली ठेवलेली शेगडी. आग लागते ती कॅनपाशी नाही, दुसऱ्या खोलीत, आणि तिथून ज्वाला उलट कॅनकडे धावते. माणसाला वाटतं, कॅन तर तिकडे लांब होता!

दुसरं, कॅन बहुतेक वेळा रॉकेलचा जुना असतो. घरातल्या म्हातारीला काय ठाऊक आत काय बदललंय? ती सवयीने स्टोव्हमध्ये ओतते. मी भाजलेली माणसं पाहिली आहेत, यापुढे काही सांगत नाही. पाण्याच्या बाटलीत भरलेलं पेट्रोल तहानलेलं पोर तोंडाला लावतं. आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणारे बहाद्दर, ते फुप्फुसात गेलं तर दवाखान्यात आठवडे काढावे लागतात. कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि हे सगळं कशासाठी? दहा लिटरच्या कॅनमागे वाचले किती, ते मांडून बघा. जाता-येता गाडीची टाकी भरून आणलीत तर माझी काही तक्रार नाही. टाकी त्यासाठीच बनवलेली असते. कॅन नाही.

आता काळाप्रमाणे भाव का बदलतो, ते. पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठलं, डिझेलवरचं ऑक्टोबर २०१४ मध्ये. पुढे पंधरवड्याला भाव बदलायचे, तेव्हा पंधरा तारखेच्या रात्री पंपावर ही रांग! १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला बदलायचं ठरलं. ठरलं म्हणतो, कारण एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी महिनोन् महिने काटा हलवलाच नाही.

"कच्चं तेल उतरलं तरी आमचं पेट्रोल का उतरत नाही?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर. डॉलर ८५ रुपयांचा धरला आणि बॅरल दहा डॉलरनी उतरलं, तर लिटरमागे फरक पडतो सव्वापाच रुपयांच्या आसपास. त्यात रुपया घसरला तर तोही हातचा जातो. शिवाय केंद्राचं उत्पादन शुल्क टक्क्यांत नसतं, लिटरमागे ठोक रुपयांत असतं. तेल कितीही उतरलं तरी ते आपोआप उतरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कच्चं तेल मातीमोल झालं, अमेरिकेत तर वायद्याचा भाव शून्याखाली गेला. तेव्हा केंद्राने पेट्रोलवर मार्चमध्ये ३ आणि मेमध्ये १० रुपये शुल्क वाढवलं. स्वस्ताई सरकारी तिजोरीत गेली. तेच तेरा रुपये पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ असे उतरवले, पण तोवर कच्चं तेल पुन्हा चढलं होतं. यावर माझं मत विचाराल तर भाव उतरताना ग्राहकाला हिस्सा मिळायला हवा. तो पुरेसा मिळत नाही, हे खरं आहे.

आता पंपावरच्या दोन समजुती. पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं, हा भ्रम आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असते. शंभरऐवजी एकशे दहाचं भरलं की मापात पाप होत नाही, हाही भ्रमच. शंका आली तर पंपावरचं पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. तो तुमचा हक्क आहे.

आता पुन्हा कॅनकडे येतो. उद्या भाव वाढणार म्हणून आज कॅन भरून ठेवू नका. एका गृहस्थांनी पत्रात विचारलंय, साठवायला प्लास्टिकचा ड्रम बरा की पत्र्याचा. अहो, कुठलाच नाही! तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या खोलीशेजारी नातवंडं झोपतात.

ज्यांच्या घरी आज कॅन आहे, त्यांनी एवढंच करावं. तो आजच घराबाहेर अंगणात न्यावा. आसपास चूल, विडी, उदबत्ती काही नको. मग दिवसाउजेडी थंड झालेल्या, बंद गाडीच्या टाकीत पेट्रोल नरसाळ्याने सावकाश ओतावं. मोरीत किंवा गटारात अजिबात ओतू नये, वाफ तिथूनही पेटते. रिकाम्या कॅनमध्येही वाफ उरते, म्हणून तो झाकण काढून घरापासून लांब, उघड्यावर ठेवावा, आणि पुन्हा त्यात रॉकेल, पाणी, काहीही भरू नये.

सिंधुदुर्गातल्या ताई, यजमानांना हे भाषण ऐकवा.