वाढदिवस छोट्यांचा, धांदल मोठ्यांची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



लहान मुलांचा वाढदिवस कसा साजरा करावा, यावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा आधी हसूच आलं. कारण माझा स्वतःचा वाढदिवस एक जूनला असतो. म्हणजे कागदावर. अम्मी सांगायची, तुझा जन्म कापसाच्या पहिल्या वेचणीचा. आता कापूस काही जूनमध्ये वेचत नाहीत, जूनमध्ये तो पेरतात. पण अब्बा मला शाळेत घालायला घेऊन गेले आणि गुरुजींनी जन्मतारीख विचारली, तेव्हा अब्बा त्या वेचणीवरच अडले. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला, सहा वर्षं पुरी करून दाखवली आणि लिहून टाकलं, एक जून.

महाराष्ट्रात माझ्यासारखी माणसं गावोगाव सापडतील. शाळेचं वर्ष जूनपासून, म्हणून तारीखही जूनची. सरकारी खात्यांत ३१ मे रोजी एकदम इतके निरोपसमारंभ का होतात, याचं कारण हेच. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. एका पिढीच्या गुरुजींनी एक लेखणी फिरवली आणि पुढं पन्नास वर्षांनी कचेऱ्या ओस पडल्या.

मी एका शाळेत लिपिक आहे. कविता करतो, पण पगार जनरल रजिस्टर सांभाळण्याचा मिळतो. त्या रजिस्टरची जुनी पानं उलटली की एक जूनच्या ओळीच ओळी दिसतात. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर विचारूच नका. सातपुड्यातल्या पाड्यावर मूल जन्मलं ते होळीला, पेरणीला, नाहीतर ऊसतोडीला गुजरातेत गेलो होतो तेव्हा. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात, नोंदी होतात, एक जून कमी होत चालला आहे. पण संपलेला नाही.

आणि यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. शाळेत सकाळी परिपाठात ‘आजचे वाढदिवस’ वाचतात. ज्याचं नाव येतं तो पुढं येतो, टाळ्या होतात, तो गोळ्या वाटतो. एक जूनला शाळेला सुट्टी असते. म्हणजे ज्या मुलाला खरी तारीख नाही, त्याचं नाव शाळेत कधीच पुकारलं जात नाही. गावातल्या पोरांना शहीद शिरीषकुमारांच्या हौतात्म्याची तारीख, ९ सप्टेंबर १९४२, झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. स्वतःची विचारली की ती आईकडं बघतात.

तर अशा माणसानं वाढदिवसावर बोलावं, याला कारण आमची नात.

गेल्या वर्षी ती चार वर्षांची झाली. मुलानं हॉल घेतला. फुग्यांची कमान, स्पीकर, राजकन्येच्या आकाराचा केक, दीडशे पानं. मुलाच्या ऑफिसातले साहेब यायचे होते म्हणून केक थांबला. साडेनऊ वाजले. नात रोज आठला झोपते. तिला उठवून, तोंडावर पाणी मारून, टोचणारा झालरीचा फ्रॉक सारखा करून टेबलापुढं उभं केलं, तर तिनं भोकाडच पसरलं. तेवढ्यात कुणीतरी फेसाचा फवारा मेणबत्त्यांवर मारायला निघालं. मी हात धरला म्हणून बरं. त्या डब्यात फेस बाहेर ढकलणारा वायू असतो, तो पेट घेतो. मेणबत्तीशेजारी तो फवारून मुलं भाजल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, तरी डबे आणतोच. फुगेवाल्याच्या नळकांड्यातला गॅसही बहुतेक वेळा हायड्रोजन असतो. हलका असतो, स्वस्त असतो आणि भडकतोही. हेलियम भडकत नाही, पण तो महाग.

हे सगळं एकवेळ निभावलं. पण रात्री बाहेर पडताना हॉलच्या पायरीवर एक मुलगी बसलेली दिसली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, नातीच्या रोजच्या खेळातली. तिची आई मिरचीच्या पथारीवर कामाला जाते. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, हिवाळ्यात आमच्या गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, त्या जागेला पथारी म्हणतात. मी विचारलं, बेटा आत का नाही आलीस? ती म्हणाली, आईनं सांगितलं, हातात काही नाही तर आत जाऊ नको. मी तिला आत नेलं, पण तोवर केकचं नुसतं पुठ्ठ्याचं ताट उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी नातीनं मला विचारलं, “दादा, ती का नाही आली?” मी काहीतरी थाप मारली.

यंदा मी मुलाला म्हटलं, या वेळी कारभार माझा. तो म्हणाला, “अब्बा, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोकांना ईदनंतर जेवायला बोलाव, मी स्वतः वाढीन. पण पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस आणि तुझ्या साहेबांचं जेवण हे दोन वेगळे समारंभ आहेत, ते एका मांडवात बसत नाहीत.

पहिला प्रश्न, मुलं किती? परदेशातल्या पालकांचा एक ठोकताळा आहे, जेवढं वय तेवढी मुलं, फार तर एखादं जास्त. मला तो पटतो. नातीला म्हटलं, बोटांवर मोज. तिनं सहा नावं घेतली, पहिलं त्या पथारीवालीच्या मुलीचं. वेळ ठरवली रविवारी सकाळी साडेदहा ते बारा. या वयाची मुलं सकाळी ताजी असतात, दुपारी पेंगतात, संध्याकाळी किरकिरतात. दीड तास पुरतो. दोन तासांनंतर जे होतं त्याला आपण मस्ती म्हणतो, पण ती दमणूक असते.

खरी अडचण भेटवस्तूंची. ‘भेट आणू नये’ असं छापलं तर ऐपतवाला आणतोच, आणि नसलेला पायरीवर बसतो. गरिबाला तेवढं वेगळं सांगावं, तर तो अपमान. मी दोन दिवस यावरच घोळत होतो. उत्तर मिळालं समोरच्या वहिनींकडं.

संक्रांतीचे दिवस होते. वहिनींच्या नातवाचं बोरन्हाण होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांना हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या ओततात. भोवतीची मुलं ते लुटतात. आमची नात दरवर्षी त्या लुटीत असते, ओढणी भरून घरी आणते. त्या दिवशी मी दारातून बघत होतो. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. कुणी हरत नाही, भाषण नाही, आणि ज्याचं कौतुक त्याच्याच डोक्यावरून सगळ्यांना मिळतं. केक यायच्या आधी आपल्याकडं लहान मुलांची पार्टी होती, आपण तिला पार्टी म्हणत नव्हतो एवढंच. वहिनींना म्हटलं, हे उसनं नेऊ का? त्या म्हणाल्या, “भाऊ, न्या की. पाटही न्या.”

आमच्यातली काही वडीलधारी माणसं वाढदिवस मानत नाहीत. आमच्याकडं सातव्या दिवशी अकिका होतो आणि चार वर्षं, चार महिने, चार दिवसांची झाली की बिस्मिल्ला. तो नातीचा मे महिन्यात झाला होता. पण अम्मी म्हणायची, दुआ आणि मिठाई मुलांना वाटायला कुठला दिवस वाईट असतो? मी तेवढ्यावर भागवतो.

मग नातीचं बोट धरून दारोदार गेलो. प्रत्येक घरी एकच शब्द: मुलानं ओंजळभर काहीतरी खायचं आणायचं, घरात असेल ते. भेट नको. डॉक्टरांच्या घरी तेच सांगितलं आणि पथारीवालीच्या घरीही तेच.

रविवारी अंगणात सतरंजी टाकली. दारात मोठं सूप ठेवलं. एकानं चुरमुरे आणले, एकानं लाडवाचे तुकडे, डॉक्टरांच्या मुलानं चॉकलेटं. पथारीवालीची मुलगी पदराच्या फडक्यात रानबोरं घेऊन आली, मामा डोंगरावरून घेऊन आला होता. लहान, आंबटगोड, लालबुंद. सुपात तीच आधी संपली. एक सूचना मात्र ऐका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, बोरांच्या बिया, टणक गोळ्या पडू देऊ नका, घशात अडकतात. कुणाचा दोन वर्षांचा भाऊ मागून आला होता, त्याच्यासाठी नुसत्या चुरमुऱ्यांची वाटी वेगळी काढली. फुगे तोंडानं फुगवलेले, मोजके, आणि फुटलेल्या फुग्याची रबरं लगेच उचललेली. ती मुलं चघळतात.

संगीत खुर्ची हा मला लहानपणापासून न आवडणारा खेळ. पहिल्या फेरीत नेहमी तेच बाहेर जातं जे सगळ्यांत लहान किंवा बुजरं, आणि मग अर्धा तास ते दुसऱ्यांची मजा बघतं. आम्ही खुर्ची काढली, मूल नाही काढलं. शेवटी सात मुलं दोन खुर्च्यांवर एकमेकांच्या मांडीवर बसली आणि कोसळली. नंतर मामाचं पत्र हरवलं. एवढे दोन खेळ खूप झाले.

केक घरचाच, बिनअंड्याचा, कारण वहिनींकडं अंडं चालत नाही. एका बाजूला कलला होता. जोडीला भेळ. मिरचीच्या गावात बिनमिरचीची भेळ करायला पत्नीला फार जड गेलं.

मेणबत्तीपाशी सगळ्यांनी ते ठरलेलं इंग्रजी गाणं म्हटलं. मला आधी ते परकं वाटायचं. मग वाचलं की अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल गावी, पॅटी हिल नावाच्या बालवाडीच्या बाई होत्या. त्यांनी आणि त्यांची बहीण मिल्ड्रेड यांनी सकाळी वर्गातल्या मुलांना नमस्कार म्हणायला एक गाणं केलं, ते १८९३ मध्ये पुस्तकात छापलं गेलं. त्याच चालीवर वाढदिवसाचे शब्द पुढं बसले. मग त्यावर कंपन्यांनी मालकी सांगितली, सिनेमावाल्यांकडून पैसे घेतले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं तो दावा नाकारला आणि पुढच्या वर्षी गाणं सगळ्यांचं झालं. म्हणजे मुळात तो आमचा परिपाठच.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. सूप आम्ही नातीच्या डोक्यावर ओतलं, मग एकेका मुलाला पाटावर बसवून थोडं थोडं ओतलं. दुसऱ्याची पाळी आली तशी आमची नात रडायला लागली, माझा वाढदिवस आहे, माझ्यावरच ओता. तिची समजूत काढायला दहा मिनिटं गेली, आणि ती पुरती पटली असं मला वाटत नाही.

पथारीवालीची मुलगी पाटावरून उठली आणि मला म्हणाली, “माझा कधी?”

मी लिपिक माणूस, तोंडात आलंच होतं, एक जून. गिळलं. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, “चाचा, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, डोंगरात, काठीची होळी पेटली त्याच्या तिसऱ्या दिवशी.” अक्कलकुवा तालुक्यातलं काठी, तिथली होळी पहाटे पेटते आणि सातपुडा सगळा तिथं लोटतो. मी मनात पंचांग मांडत होतो, तेवढ्यात तिनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत लसीकरणाचं कार्ड होतं. नर्सबाईंच्या अक्षरात तारीख: ३१ मार्च २०२१. पाच वर्षं ती तारीख त्या पेटीत होती, वाचायला कुणी नव्हतं.

हे ऐकणाऱ्या पालकांसाठी माझ्या नोकरीतलं थोडं. कार्ड म्हणजे जन्मदाखला नव्हे. जन्म जिथं झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद लागते. वर्ष उलटून गेलं असेल तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तर हा दाखलाच जन्मतारखेचा पुरावा. पण दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, आणि अंगणवाडीची किंवा नर्सबाईंची नोंदही चालते. अंदाजानं एक जून लिहू देऊ नका. ती मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत येईल. रजिस्टर तेव्हाही माझ्याच टेबलावर असेल.

नातीनं घरी आल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ३१ मार्चभोवती लाल गोल काढला. तिला कोण सांगणार, तो मार्चअखेर. वर्षाचे सगळे हिशेब त्या दिवशी मिटवायचे असतात, आणि त्या दिवशी लिपिकाला रजा मिळत नसते. मी दुपारनंतरच्या अर्ध्या रजेचा अर्ज टाकला आहे. अजून मंजूर झालेला नाही. वहिनींचा पाट मात्र आमच्याच घरी आहे.